वस्तूची रचना करताना हात आणि डोके यांचा एकत्र विचार कसा करावा

घरगुती वापराचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र घडवायला बसलेल्या डिझायनरने सर्वांत आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी : वापरणाऱ्याचा एक हात पट्ट्यात अडकलेला असतो. पट्टा आवळायचा, नळी योग्य बाजूला ठेवायची, बटण दाबायचे आणि आलेला आकडा समजून घ्यायचा, हे सगळे त्याला उरलेल्या एका हाताने, कदाचित चष्म्याशिवाय आणि मनात थोडी धास्ती बाळगून करायचे असते. वस्तू माणसाला सोयीची कशी करावी याचे शास्त्र म्हणजे अर्गोनॉमिक्स. पट्टा आवळणे हा शारीरिक अर्गोनॉमिक्सचा प्रश्न आणि आकडा उमगणे हा बोधात्मक, म्हणजे समजून घेण्याशी संबंधित, अर्गोनॉमिक्सचा, ही वाटणी अभ्यासासाठी सोयीची आहे. वापरणाऱ्यापुढे मात्र दोन्ही अडचणी एकदमच उभ्या राहतात.

म्हणून रेखाटन करण्यापूर्वी कामाची फोड करावी. कागदावर दोन रकाने आखावेत. वस्तू पिशवीतून काढण्यापासून परत ठेवण्यापर्यंतची प्रत्येक कृती ओळीने लिहून, पहिल्या रकान्यात शरीराला काय करावे लागते आणि दुसऱ्यात त्या क्षणी काय ठाऊक असावे किंवा आठवावे लागते, याची नोंद करावी. ज्या ओळीत दोन्ही रकाने भरगच्च होतात, तिथेच चुका घडतात. या यंत्रात ती ओळ पट्टा बांधण्याची आहे, कारण एका हाताने ओढत असतानाच नळी कोणत्या बाजूला यावी आणि पट्टा कोपरापासून किती वर असावा, हेही लक्षात ठेवावे लागते.

त्यानंतर मापे घ्यावीत, आणि इथे सरासरीच्या मोहापासून दूर राहावे. अमेरिकी हवाई दलाने १९५० मध्ये चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली होती. तिथले संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यांतली दहा मापे निवडून पाहिली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्यांना सापडला नाही. व्यवहारात ५ ते ९५ पर्सेंटाइलची मर्यादा, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी पाच-पाच टक्के माणसे वगळून उरलेल्यांची मापे, धरण्याची पद्धत आहे. जिथे अंग मावायचे असते तिथे मोठ्या देहाचे माप घ्यावे, तर जिथे हात पोहोचायचा किंवा जोर लावायचा असतो तिथे लहान चणीच्या, कमी ताकदीच्या माणसाचे घ्यावे. दंडाचा पट्टा हा या नियमाचा कडक परीक्षक आहे. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्याहून जाड दंडावर तो बांधला तर रक्तदाब प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. म्हणजे इथे माप चुकल्याने नुसती गैरसोय होत नाही, तर यंत्र खोटे बोलू लागते. तेव्हा घेराची मर्यादा माहितीपुस्तिकेत न दडवता पट्ट्यावरच खूण करून दाखवावी, आणि पट्टा धातूच्या कडीतून ओवलेला ठेवावा, म्हणजे तो एका हाताने ओढून आवळता येतो.

बटणांच्या बाबतीत दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण अजून उपयोगी पडते. बी-१७ या बाँबफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटवण्याऐवजी चाकेच मिटवून टाकत असत. दोष वैमानिकांचा नसून शेजारी शेजारी बसवलेल्या सारख्या दिसणाऱ्या कळींचा आहे, हे मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी ओळखले आणि चाकांच्या कळीला चाकाचा व फ्लॅपच्या कळीला फ्लॅपचा आकार द्यावा असे सुचवले. आपल्या यंत्रातही ‘सुरू’ आणि ‘जुन्या नोंदी’ ही बटणे जुळी भावंडे नसावीत. सुरू करण्याचे बटण मोठे, किंचित उंचवट्याचे आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्याखाली सहज येणारे असावे, तर नोंदींचे बटण लहान आणि त्याच्यापासून लांब असावे.

स्मरणशक्तीवर भार टाकू नये. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीची मर्यादा सात घटक, अधिक-उणे दोन अशी मांडली होती. पुढे दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. पडद्यावर ‘ई ३’ असा संकेत दाखवून त्याचा अर्थ पुस्तिकेत शोधायला लावणे हा, माझ्या मते, निव्वळ आळस आहे. ‘पट्टा सैल आहे’ एवढे दोन-तीन शब्द कोणत्याही साध्या पडद्यावर मावतात. बटण दाबताच सुमारे ०.१ सेकंदाच्या आत आवाज, प्रकाश किंवा टिचकीसारखा स्पर्श यांपैकी काहीतरी मिळावे, नाहीतर माणूस ते पुन्हा दाबतो आणि मोजणी बंद पडते. केवळ लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नये, कारण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना हा भेद नीट कळत नाही; रंगाच्या जोडीला शब्द किंवा आकार हवाच.

चाचणीसाठी पुठ्ठ्याचा नमुना पुरतो, पण त्यात वाळू भरून त्याचे वजन खऱ्या यंत्राइतके करावे. तो हाती दिल्यावर डिझायनरने तोंड उघडू नये, जे सगळ्यात अवघड जाते. ‘आवडले का?’ असे विचारण्याऐवजी बोट कुठे अडखळले, मनगट कधी वाकले, नजर पडद्यावरून पट्ट्याकडे किती वेळा गेली, हे टिपावे. निरनिराळ्या माणसांची बोटे एकाच चुकीच्या बटणाकडे जात असतील, तर लेबल मोठे करण्याआधी बटणाची जागा बदलावी, आणि पुढची चाचणी नव्या माणसांवर घ्यावी, कारण आधीच्यांच्या हाताला जुन्या जागेची सवय लागलेली असते.