जास्त चाललेली पिकअप घेताय? या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला की नाशिकमध्ये जुन्या पिकअपचे भाव चढतात आणि घेणाऱ्याला घाई सुटते. पहिली चूक तिथेच होते. जुन्या गाडीचा भाव दुसऱ्या जुन्या गाडीशी ताडून पाहिला जातो. ताडायचा तो नव्या गाडीशी. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, म्हणून आधी शोरूमचं कोटेशन हातात घ्या. मग जुनीच्या भावात टायर, क्लच, विमा, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आणि इंजिनकाम यांचा खर्च मिळवा. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही सहसा जास्त लागतं. एवढं करून फरक थोडाच उरत असेल, तर जुनी घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे मीटरच्या आकड्यावर निर्णय घेणं. महामार्गाने वाशी मार्केटला भाजीपाला नेत दोन लाख किलोमीटर धावलेली गाडी, 80 हजार किलोमीटर खडी-विटा ओढलेल्या गाडीपेक्षा धडधाकट निघू शकते. शिवाय मीटर मागे करता येतो. त्यामुळे गाडी काय माल ओढत होती ते विचारा आणि खाली वाकून बघा. कमान पाट्यांत जादा पाटा घातलाय का? पाटे जिथे चासीला जोडलेत तिथे चीर किंवा वेल्डिंग आहे का? सगळी चासी धुळकट आणि तेवढ्याच वीतभर जागेला ताजा काळा रंग दिसला, तर मी व्यवहार तिथेच सोडेन. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण तडकलेल्या चासीवर माल लादणं जिवाशी खेळ आहे.

इंजिन गार असतानाच बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. किंचित वाफ चालते, पण भकाभका धूर बाहेर आला तर रिंगा-लायनर झिजलेत. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय. सायलेन्सरमधून सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिकाम्या गाडीची चक्कर मारून काही कळत नाही. मुंबईहून परतताना तिला कसारा घाट चढायचाय, तेव्हा माल भरून चढावर न्या आणि टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा.

एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 डिझेल गाडी असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जागेवर आहे का, हे मेस्त्रीकडून तपासून घ्या.

कागदांत सर्वात जास्त माणसं बोजात, म्हणजे गाडीवरच्या न फिटलेल्या कर्जात अडकतात. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. थकलेली चलनं, विमा, पासिंग एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघा. 8 वर्षांपुढच्या गाडीला पासिंग दरवर्षी लागतं. 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' असं ऐकवलं तर फार तर छोटा टोकन द्या, तोही लेखी पावती घेऊन. बाकीचे पैसे मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यावर.