हृदयाच्या पडद्यात अल्कोहोल सोडताना या चुका टाळा

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला स्नायूचा पडदा काही जणांत जनुकीय दोषामुळे जाड होत जातो आणि डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायच्या वाटेत आडवा येतो. चढण चढताना धाप लागते, छाती भरून येते, चक्कर येते, एखादा शुद्ध हरपून पडतो. गोळ्यांनी भागलं नाही तर दोन मार्ग उरतात. छाती उघडून जादा स्नायू कापून काढायचा, नाहीतर कॅथेटरने, म्हणजे धमनीतून आत नेलेल्या बारीक नळीने, त्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक फांदीत शुद्ध अल्कोहोल सोडायचं आणि तेवढाच तुकडा निकामी करायचा. हे दुसरं काम पहिल्यांदा केलं उलरिख सिगवार्ट यांनी, १९९४ मध्ये, लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पहिल्या तीन रुग्णांची माहिती छापून आली.

मी गोव्यात कॅथ लॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरची कामं होतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे आणि सावंतवाडी-दोडामार्गाकडचे रुग्ण आमच्या टेबलावर येतात. कुठल्या फांदीत जायचं ते डॉक्टर ठरवतात. टेबल मांडणं, प्रेशर नोंदवणं, सामान हाताशी ठेवणं हे आमचं काम, आणि नव्या मुलांची घाई नेमकी इथेच नडते. स्टेंट नीट बसला नाही तर पुन्हा बलून फुगवता येतो. सोडलेलं अल्कोहोल मात्र परत ओढून घेता येत नाही. जी काय खात्री करायची ती सिरिंजचा दांडा दाबायच्या आधी.

अल्कोहोल आधीच काढून ठेवणं

ही चूक पाहिली की माझं डोकं तापतं. अल्कोहोल पाण्यासारखं दिसतं. सलाइन पाण्यासारखंच दिसतं, रक्त गोठू न देणारं हेपरिन घातलेलं सलाइनही तसंच. तिन्ही सिरिंजा हिरव्या कापडावर ओळीने ठेवल्या की कुठली कुठली ते ठेवणाऱ्यालाही थोड्या वेळाने सांगता येत नाही.

एकदा एका खासगी लॅबमध्ये मदतीला गेलो होतो. तिथला टेक्निशियन नवा, पण हुशार, हात भराभर चालणारा. रुग्ण टेबलावर यायच्या आधीच त्याने अँप्यूल फोडून दीड मिली अल्कोहोल भरून ठेवलं होतं. वेळ वाचतो म्हणाला. सिरिंजवर नाव नाही, चिकटपट्टी नाही. केस मध्यावर आली आणि गाइड कॅथेटरचं (ज्यातून वायर, बलून आत जातात त्या मुख्य नळीचं) प्रेशर दबलं. डॉक्टरांनी मॉनिटरवरची नजर न हलवता हात मागे केला आणि म्हणाले, “फ्लश.” म्हणजे नळी धुवायला सलाइन. मुलाने हाताला लागली ती सिरिंज दिली. ती हबला (नळीच्या मागच्या तोंडाला) जोडायच्या बेतात असताना सिस्टर म्हणाली, “सर, एक मिनिट. ही कुठली?” मुलाकडे उत्तर नव्हतं. डॉक्टर थांबले. सिस्टरने सिरिंज घेतली, गॉजवर एक थेंब टाकला आणि गॉज मास्कजवळ नेला. स्पिरिटचा वास सगळ्यांना आला.

ती बोलली नसती तर ते अल्कोहोल डाव्या मुख्य धमनीत गेलं असतं आणि टेबलावरच रुग्णाला हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक आला असता. तो पोरगा वाईट नव्हता. दोन मिनिटं वाचवायला गेला, एवढंच. पण त्या दोन मिनिटांचा उपयोग कोणाला होणार होता, हे त्याला अजून सांगता आलेलं नाही.

माझी सवय सांगतो. अँप्यूल बंदच ठेवतो, तेही मुख्य टेबलावर नाही, बाजूच्या ट्रॉलीवर. इकोवाल्या (हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या) डॉक्टरांनी ‘हीच फांदी’ म्हणेपर्यंत ते कोणी फोडायचं नाही. मग एकाच माणसाने काढायचं, सिरिंजवर लाल पट्टी लावायची आणि हातात देताना मोठ्याने म्हणायचं, “अल्कोहोल, दीड मिली.” घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं. सिरिंज थेट फांदी बंद करणाऱ्या बलूनच्या हबला जोडायची, मॅनिफोल्डच्या (सलाइन, डाय, प्रेशरच्या नळ्या एकत्र येतात त्या तोटीच्या) वाटेला जाऊ द्यायचं नाही. नवीन मुलांना हे नाटक वाटतं. वाटू दे.

उरलेलं अल्कोहोल पुढच्या केससाठी झाकून ठेवणारेही भेटतात. हे हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लॅबच्या स्टोअरमध्ये पुठ्ठ्याचे खोकेसुद्धा मऊ पडतात. फोडलेलं अँप्यूल त्याच केसपुरतं. उरलं ते टाकायचं.

मोनोरेल बलून उघडणं

औषध जातं ते बलूनच्या आतल्या, वायर जायच्या नळीतून. म्हणून ती नळी टोकापासून मागच्या हबपर्यंत सलग हवी, म्हणजेच ओव्हर-द-वायर बलून हवा. रोजच्या अँजिओप्लास्टीला मोनोरेल वापरतात, त्यात वायरची नळी टोकाजवळच्या थोड्या भागापुरतीच असते; कपाटात तेच भरलेले असतात, आणि फांदीत वायर गेल्यावर कोणीतरी सवयीने तेच पाकीट फाडतं. त्यातून फांदीत काहीच सोडता येत नाही. लहान मापाचे ओव्हर-द-वायर बलून, दीड ते अडीच मिलीमीटरचे, आदल्या दिवशी स्वतः कपाट उघडून मोजा. सप्लायरने फोनवर “आहेत, आहेत” म्हटलेलं धरू नका. ऐनवेळी बाहेरून मागवायचं तर रुग्ण टेबलावर पडून राहतो.

इकोची वाट न पाहणं

बलून फुगवून फांदी बंद केली की आतल्या नळीतून आधी थोडा डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) सोडतात. तो बलूनच्या बाजूने मागे एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या धमनीत) झिरपत नाही ना, हे पाहायचं. झिरपला तर बलून लहान आहे किंवा नीट बसलेला नाही, आणि पुढे अल्कोहोलही त्याच वाटेने जाईल. हे बहुतेक जण करतात.

त्यानंतरचं इको मात्र घाईत गाळलं जातं. फ्लूरोवर (चालू एक्स-रेवर) फांदी छान दिसते, बलून फुगवल्यावर ग्रेडियंटही (अडथळ्याच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक) उतरतो, मग इको मशीन आयसीयूतून येईपर्यंत थांबायचं कशाला, असा सूर लागतो. थांबायचं ते यासाठी की फांदी दिसते, पण ती कुठल्या स्नायूला रक्त देते ते फ्लूरोवर दिसत नाही. दोन सिरिंजांमध्ये फेसाळलेला डाय सोडला की इकोवर तेवढाच भाग पांढरा उजळतो. जिथे मायट्रल झडप पडद्याला जाऊन चिकटते, तिथलाच भाग उजळायला हवा. एकदा आमच्या डोळ्यांदेखत मायट्रल झडपेला धरून ठेवणारा पॅपिलरी स्नायू उजळला होता. फ्लूरोवर ती फांदी अगदी आदर्श दिसत होती. तिथे अल्कोहोल गेलं असतं तर झडप गळायला लागली असती. डॉक्टरांनी बलून काढला, पुढची फांदी घेतली, पुन्हा इको केलं आणि मगच अँप्यूल फुटलं. इकोवाले डॉक्टर जेवायला गेले असतील तर आपणही थांबावं.

‘अजून थोडं टाकू या’

साधारण हिशेब असा की पडद्याच्या दर १० मिलीमीटर जाडीला १ मिली, आणि सगळं मिळून १ ते ३ मिलीच्या आत. सुरुवातीच्या काळात याहून जास्त टाकत. एका मिलीला मिनिटभर तरी द्यायचं. मग बलून फुगवलेलाच ठेवून पाच ते दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. ही मिनिटं कोणालाच सोसत नाहीत. मी घड्याळ लावतो आणि बेल वाजेपर्यंत इन्फ्लेटरला (बलून फुगवायच्या पंपाला) कोणाला हात लावू देत नाही.

रुग्णाला छातीत दुखतं, चांगलंच दुखतं. वेदनाशामक आधी द्या. दुखायला लागल्यावर धावाधाव नको.

डाव्या कप्प्यातलं प्रेशर पिगटेलने (टोकाला वेटोळं असलेल्या कॅथेटरने) मोजू नका. त्याच्या बाजूला भोकं असतात, ती अडथळ्याच्या अलीकडे-पलीकडे पडली की ग्रेडियंट खोटा येतो. ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारं यंत्र) झीरो केला का, हे विचारायची वेळ यायला नको.

पडदा १५-१६ मिलीमीटरहून पातळ असेल तर भोक पडायची भीती असते. ते माप केसच्या आधी फाइलवर मोठं लिहून ठेवा.

पेसिंग वायर लवकर काढणं

ही माझी दुसरी दुखरी नस. नाडी मंदावली तर हृदयाला बाहेरून ठोके देता यावेत म्हणून केसच्या वेळी तात्पुरती घालतात ती ही वायर. हृदयातली वीज वाहून नेणारी उजवी तार याच पडद्यातून जाते आणि अल्कोहोलने बऱ्याच जणांत ती बंद पडते. डावी शाबूत असली की निभावतं. ज्याची डावी आधीच बंद आहे, त्याला पूर्ण ब्लॉक व्हायचा, म्हणजे वरची वीज खालच्या कप्प्यांत पोहोचणंच थांबायचा, धोका फार. आणि धोका टेबलावरून उतरल्यावर संपत नाही. पहिल्या दिवशी ठणठणीत असलेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ब्लॉक होतो. दहातल्या साधारण एकाला कायमचा पेसमेकर लागतो.

सत्तरीतला एक बागायतदार होता, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दोन दिवस आधीचा. केस उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला त्याचं एकच मागणं होतं, चवथीला घरी जायचं: “बाब, म्हाका चवथीक घरा वचपाक जाय.” घरी माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायची होती, आणि ती बांधायचा मान त्याचाच. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना त्याची दया आली, खाटही हवी होती. वायर सकाळीच काढायची असं ठरलं. मी ईसीजीच्या स्ट्रिपा शेजारी-शेजारी लावून पाहिल्या. उजवा ब्लॉक तर होताच, शिवाय आदल्या रात्रीपेक्षा पीआर (वरच्या कप्प्यांतून खाली वीज पोहोचायचा वेळ) लांबलेला. तसं सांगितलंही. “रेट ७२ आहे, पेसिंग एकदाही लागलं नाही,” असं उत्तर मिळालं आणि वायर निघाली.

त्याच रात्री तो बाथरूमकडे जाताना पॅसेजमध्ये कोसळला. मॉनिटर आधीच काढलेला. सिस्टरने नाडी धरली तेव्हा ती तिशीत होती. मध्यरात्री लॅब उघडून पुन्हा वायर घातली, आणि पुढे कायमचा पेसमेकर बसवावा लागला. चवथ त्याची हॉस्पिटलातच गेली. माटोळी मुलांनी बांधली आणि त्याला फोनवर फोटो दाखवला. पेसिंग एकदाही लागलं नाही म्हणून वायर काढायची, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. ती लागेल तेव्हासाठीच ठेवलेली असते.

माझं म्हणणं: दोन दिवस वायर, रोज सकाळी थ्रेशोल्ड (किती कमी करंटवर ठोका पडतो ते) तपासून वहीत नोंद, आणि वायर निघाल्यावरही मॉनिटर चालू. पीआर लांबत असेल तर मुक्काम वाढवा. सणासुदीच्या तोंडावर तातडी नसलेली केस घेऊच नका, किंवा घेताना घरच्यांना समोर बसवून सांगा की चवथ इथे जाऊ शकते.

तिसऱ्या दिवशीच्या इकोवरून निकाल लावणं

अल्कोहोल सोडल्यावर ग्रेडियंट उतरतो, मग सूज येऊन काही दिवसांत थोडा परत चढतो आणि पुढच्या काही महिन्यांत पडदा पातळ होत गेला की पुन्हा उतरतो. तिसऱ्या दिवशी इको करून घरच्यांना “फारसा फायदा झाला नाही” असं सांगणाऱ्यांनी माणसं उगाच रडवली आहेत.

स्टेम सेलच्या जाहिराती

रुग्ण मोबाइल पुढे करून विचारतात, अल्कोहोलऐवजी हृदयात स्टेम सेलच सोडता येणार नाहीत का? मुळात तो या आजाराचा उपचार नाही. कमजोर झालेल्या हृदयाच्या स्नायूत कॅथेटरच्या सुईने पेशी सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. एका जागी ०.१ ते ०.२ मिली इतकाच द्रव जातो, आणि पातळ भिंतीत सुई आरपार गेली तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त भरतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हृदयासाठी स्टेम सेल मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत. चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. कोणी पॅकेज सांगत असेल तर उठून या.

घरी पाठवताना नुसता कागद देणं

इंग्रजी डिस्चार्ज समरी कपाटात जाते. मी वेगळ्या कागदावर देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहून देतो. चक्कर आली किंवा शुद्ध गेली तर जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता पेसमेकरची सोय असलेल्या हॉस्पिटलात या. छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्याची जिभेखालची नायट्रेटची गोळी घेऊ नका, या आजारात तिने अडथळा वाढतो. काजूच्या दिवसांत उन्हात बागेत राबताना पाणी प्यायचं तोडू नका. आणि सख्खी भावंडं, मुलं यांचा ईसीजी आणि इको एकदा करून घ्या, कारण हा दोष आईबापांकडून मुलांत जायची शक्यता निम्मी असते. हे शेवटचं वाक्य मी त्या घरातल्या बाईमाणसाला वाचायला लावतो, आणि भाऊ सोबत आला असेल तर तपासणीची तारीख त्याच कागदावर घालून देतो.