उटीला जाताना कोटगिरीचा सलिवन बंगला असा बघा

कोइमतूरला आमच्याकडे पाहुणे आले की उटी ठरलेली. मग मी अट घालते, वाटेत कोटगिरीला दोन तास थांबायचं. बच्चेकंपनी कुरकुरते, पण उटी वसवणाऱ्या माणसाचं नीलगिरीतलं पहिलं घर तिथे आहे. माथेरान म्हटलं की ठाण्याचा कलेक्टर मॅलेट, तसा इथे कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिवन. १८१९ मध्ये तो डोंगर चढून वर आला आणि कोटगिरीजवळ कन्नेरीमुक्कू या बडगा लोकांच्या गावात त्याने हा बंगला बांधला. उटी त्यानंतरची.

मेट्टुपाळयमहून उटीला दोन घाट जातात, एक कुन्नूरवरून, दुसरा कोटगिरीवरून. शक्य असेल तर कोटगिरीनेच चढा, म्हणजे गोष्ट क्रमाने कळते. मे महिन्याच्या गर्दीत मात्र पोलीस बरेचदा गाड्या कुन्नूरवरून वर आणि कोटगिरीवरून खाली सोडतात. तेव्हा वाद न घालता बंगला परतीच्या दिवसासाठी ठेवा. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर नीलगिरी जिल्ह्याचा ई-पास आधी ऑनलाइन काढून ठेवा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांना या जिल्ह्यात बंदी आहे, म्हणून घरूनच स्टीलच्या भरून आणा.

कोटगिरीच्या मुख्य चौकापासून बंगला दोनेक किलोमीटर आहे. रिक्षावाल्याला ‘सलिवन मेमोरियल, कन्नेरीमुक्कू’ एवढं सांगितलं की पुरतं. लालभडक रंगाचं घर लांबूनच दिसतं. पूर्वी त्याची पार पडझड झाली होती. नंतर ते दुरुस्त करून त्यात छोटं संग्रहालय केलं.

लगेच आत शिरू नका. बाहेर उभं राहून समोरचे चहाचे मळे मनातून पुसून टाका. सलिवन आला तेव्हा इथे चहा नव्हता. निलगिरीची उंच झाडंही ऑस्ट्रेलियातून नंतरच आली. तेव्हा होती ती गवताळ कुरणं, मधल्या घळीत दाट झाडी, तोडा या गुराखी जमातीच्या म्हशी आणि बडगांची शेतं. बटाटा आणि इतर विलायती भाज्यांच्या लागवडीचा खटाटोप सलिवननेच केला. हे डोक्यात असलं की आतले जुने फोटो नुसते जुने फोटो राहत नाहीत.

आत गेल्यावर आधी तोडा, कोटा, कुरुंबा, इरुळा या इथल्या आदिवासी जमातींची छायाचित्रं आणि वस्तू बघा, साहेब नंतर. ‘उटीचा शोध लावला’ हे वाक्य मला पटतच नाही. जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती तिथे शोध कसला? उटीतली जमीन त्याने तोडांकडून एकरी रुपयाने घेतली असं सांगतात. पण तोडांचा या जमिनीवरचा मालकी हक्क मान्य करा म्हणून आपल्याच सरकारशी भांडलाही तोच. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून भिंतीवरचा मजकूर वाचा. तो बराच आहे, चष्मा विसरू नका. मुलांना डोंगरातल्या छोट्या आगगाडीच्या फोटोंपाशी सोडा. ती कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये आणि उटीपर्यंत १९०८ मध्ये पोचली, म्हणजे सलिवनने ती कधी पाहिलीच नाही.

पावसाचं गणित आपल्यासारखं धरू नका. कोटगिरी दोड्डबेट्टा शिखराच्या आडोशाला आहे, त्यामुळे जून-जुलैचा पाऊस इथे उटीपेक्षा कमी पडतो. खरा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरला. तेव्हा घाटात दरड कोसळते, म्हणून निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. स्वेटर मात्र बारा महिने.

पुढे उटी तीसेक किलोमीटर. तिथे सलिवनचं दुसरं घर, स्टोन हाउस, सरकारी कला महाविद्यालयाच्या आवारात आहे. जवळच सेंट स्टीफन्स चर्च, त्याच्या आवारात सलिवनच्या बायकोची आणि मुलीची थडगी. चर्चची मोठी लाकडं श्रीरंगपट्टणच्या टिपूच्या वाड्यातून आणलेली, त्यामुळे आत गेलात की वर छताकडेही बघा. बोटिंगचा तलावही सलिवननेच करवून घेतलेला, पण तिथली रांग बघून मी पाहुण्यांना एकटं पाठवते आणि मुख्य बाजारात वर्की, म्हणजे इथली खुसखुशीत बिस्किटं, घ्यायला जाते.