ट्रिंकोमाली जहाज बघायला जाताय? मग तयारी भाऊच्या धक्क्यावरून सुरू करा

आईबाबा दादाकडे इंग्लंडात न्यूकॅसलला चाललेत, तिथून हार्टलपूलला ट्रिंकोमाली बघायला जाणारेत, त्यांच्यासाठी केलेली यादी इथे टाकतेय. हे शिडाचं लाकडी लढाऊ जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं, म्हणजे सासरी गेलेल्या लेकीलाच भेटायला जायचंय.

तर पहिलं काम इथलंच. एका सकाळी भाऊच्या धक्क्यावर जा, लाकडी होड्या नीट बघा, फळीला फळी कशी जोडलीय, फटींत काय ठासलंय, एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारलंत तर तो हौसेने सांगेल (मासळीच्या वासाची तक्रार करायची नाही). हे बघून गेलात की तिकडे नुसत्या तोफांचे फोटो काढत बसणार नाही. मूळ गोदी नेव्हल डॉकयार्डच्या आत आहे, आपल्याला सोडत नाहीत, लायन गेटला बाहेरूनच नमस्कार करायचा आणि तिथे मोबाईल बाहेर काढायचा नाही, बाबा हे तुम्हाला.

थोडं वाचूनही जा. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारचं सागवान, कारण नेपोलियनशी लढून लढून इंग्रजांकडे ओकची टंचाई झालेली आणि सागवान लवकर कुजत नाही, म्हणूनच ट्रिंकोमाली अजून तरंगतेय. भारी किस्सा म्हणजे तिच्या बांधणीचे नकाशे ज्या जावा नावाच्या इंग्रज जहाजातून मुंबईला येत होते ते १८१२ मध्ये अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या लढाऊ जहाजाने लढाईत हरवलं, नकाशे गेले, परत पाठवावे लागले. आणि ती कॉन्स्टिट्यूशनही अजून बॉस्टनला तरंगतेय!

बाकी बॅगेत विंडचीटर हवाच, उत्तर समुद्राचा वारा छत्री उलटी करतो. बूट सपाट तळाचे, चपला नकोत. खालच्या डेकवर छत बुटकं, दादाने डोकं सांभाळावं, आणि आईच्या गुडघ्यांचं बघता जिन्याबद्दल तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. वेळा आदल्या दिवशी ऑनलाइन बघा. दशम्या न्या पण बाहेर बसून खा.

२००१ पर्यंत बरीच वर्षं जहाजाची दुरुस्ती चाललेली, काही लाकूड बदललंय, तेव्हा गाइडला पहिला प्रश्न हाच, यातलं मुंबईहून आलेलं मूळ सागवान कुठलं. हात लावू देत असतील तर माझ्याही नावाने एकदा लावा.