आधी पाहा, मग ऐका : घरबसल्या कलारसग्रहण शिकताना

कराडात माझा शिवणक्लास आहे, 22 वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात क्लास थंडावला होता, तेव्हा चित्रं कशी पाहावीत याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला. गोडी लागली म्हणून पुढे आणखी दोन केले. क्लासमधल्या मुली, त्यांच्या आया, माझी जाऊ, सगळ्या विचारतात, "ताई, चित्र काढता येत नाही तर हे जमेल का?" जमतं. इथे हाताला काही करायचं नसतं, डोळ्यांना करायचं असतं. सुरुवात कशी करायची आणि वेळ कुठे वाया जातो, ते मला उमगलं तसं सांगते.

आधी अभ्यासक्रम निवडा, पण निवडण्यात महिना घालवू नका. अगदीच नवखे असाल तर 'स्मार्टहिस्टरी' या संकेतस्थळापासून सुरू करा. तिथे नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि एका चित्रापुढे उभं राहून दोन जाणकार बोलताहेत असे छोटे व्हिडिओ आहेत. आठवड्यांच्या हिशेबात बांधलेला अभ्यासक्रम हवा असेल तर न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाचा 'मॉडर्न आर्ट अँड आयडियाज' हा 'कोर्सेरा' या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. मी पहिला तोच केला. त्यात काळाची सनावळी नाही. जागा, ओळख, रोजच्या वस्तू, समाज असे विषय घेऊन चित्रं दाखवतात, आणि नवख्या माणसाला ते सोपं जातं. आपल्या सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर अधूनमधून कलेचे अभ्यासक्रम लागतात. तिथे धडे फुकट असतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क भरायचं.

पैशांबद्दल एकच सावधगिरी. एका ठिकाणी मी सात दिवसांची फुकट मुदत घेतली आणि विसरले. आठव्या दिवशी खात्यातून पैसे गेले. तेव्हापासून कार्ड किंवा यूपीआय जोडलं की त्याच मिनिटाला मोबाइलमध्ये सहाव्या दिवसाचा गजर लावते. तुम्हीही लावा.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओ लगेच चालू करू नका.

पहिले दोन आठवडे मी बटण दाबायची, व्हिडिओतल्या बाई बोलायला लागायच्या, मी भराभर वहीत उतरवून घ्यायची. वही भरली, पण चित्र एकही आठवेना. मग एका दुपारी धो धो पावसात नेट गेलं. आवाज बंद, पण पडद्यावर एक चित्र तसंच राहिलं. मेक्सिकोच्या फ्रीडा काहलोनं 1940 साली काढलेलं, केस कापून टाकलेलं स्वतःचंच व्यक्तिचित्र. नेट येईपर्यंत करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बघत बसले.

पहिल्यांदा दिसली कात्री. माझा हात 22 वर्षं कात्रीवर असल्यामुळे माझी नजर तिथेच गेली. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात कापलेल्या केसांची बट. मग जमिनीवर बघितलं तर केसच केस, साप सरपटावेत तसे. मग कोट. गडद रंगाचा पुरुषी सूट, आणि तो तिच्या मापाचा नाही. अंगात ढगळ, पँटही सैल. गिऱ्हाईक असा सूट घालून आलं तर मी म्हणेन, हा तुमचा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी घातलाय. आणि एवढं असून कानात डूल आहे, पायात छोटे टाचांचे बूट आहेत. म्हणजे तिनं सगळं टाकलेलं नाही. दहा मिनिटांनी नेट आलं आणि व्हिडिओतून कळलं की 1939 मध्ये तिचा नवऱ्याशी, चित्रकार दिएगो रिवेराशी, घटस्फोट झाला होता. सूट दुसऱ्याचा आहे हे माझ्या डोळ्यांनी आधीच ओळखलं होतं. कारण मात्र ऐकल्यावरच समजलं. त्या दिवसापासून मी क्रम बदलला.

तुम्ही असं करा. धडा उघडला की चित्राचं नाव बघा, व्हिडिओ थांबवा आणि ते चित्र संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा 'गूगल आर्ट्स अँड कल्चर'वर मोठं करून उघडा. घड्याळ लावून दहा मिनिटं नुसतं बघा. पहिल्या दोन मिनिटांत वाटतं, संपलं सगळं बघून. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मन कंटाळून उठायला बघतं. तेव्हा उठू नका, कारण नवीन गोष्टी त्यानंतरच दिसायला लागतात. हार्वर्डमधल्या कलेतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स तर विद्यार्थ्यांना एकाच चित्रापुढे तीन तास बसवतात.

बघताना स्वतःला काय विचारायचं? फिलिप येनवाइन आणि अबिगेल हाउसेन या दोघांनी संग्रहालयात येणाऱ्या साध्या माणसांसाठी तीन प्रश्न ठरवले होते. मी ते मराठीत करून शिलाई मशिनच्या वरच्या भिंतीवर चिकटवलेत : चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणतेस? आणखी काय दिसतंय? यातला दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. "ती दुःखी आहे" असं लिहिलंत तर तो लगेच पुरावा मागतो. चेहऱ्यावरून म्हणता, रंगावरून म्हणता, की तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणून म्हणता?

सरावासाठी मी सगळ्यांना एकच चित्र देते : डच चित्रकार फर्मीरची दूध ओतणारी बाई, अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली, 1660च्या सुमाराची. त्यांच्या संकेतस्थळावर हवं तेवढं मोठं करता येतं. आधी कपडे बघा. जाड्याभरड्या कापडाची पिवळी चोळी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, निळं एप्रन. मग पावाजवळ या. पावावर प्रकाशाचे बारीक बारीक ठिपके दिसतील, रव्याचे कण सांडल्यासारखे. मग मागच्या रिकाम्या भिंतीवर जा. एक खिळा आहे, त्याची सावली आहे, काढलेल्या खिळ्यांची भोकं आहेत. भिंत रिकामी म्हणून तुम्ही पुढे गेला असता, पण चित्रकारानं भोकसुद्धा सोडलेलं नाही. हे सगळं बघून झाल्यावर पुढची गोष्ट वाचा. 2022 मध्ये संग्रहालयानं जाहीर केलं की तपासणीत याच भिंतीवर हँडलचे जग (ओतायची भांडी) टांगायची फळी रंगवलेली सापडली, आणि फर्मीरनं ती स्वतःच नंतर रंगाखाली झाकली होती. बेतलेला खिसा शेवटी काढून टाकला की अंगरखा कसा सुटसुटीत दिसतो, ते शिवणाऱ्याला लगेच कळेल.

पडद्यावर दोन फसवणुका होतात, त्या आधीच माहीत असू द्या.

पहिली मापाची. मोबाइलवर सगळी चित्रं तळहाताएवढीच दिसतात. म्हणून प्रत्येक चित्राखाली दिलेलं माप वाचा आणि टेप घेऊन भिंतीवर खडूनं आखा. फर्मीरची बाई साधारण 18 बाय 16 इंच, एवढीशी. फ्रीडाचं ते चित्र पावणेसोळा बाय अकरा इंच. व्हॅन गॉगची 'स्टारी नाइट' रुंदीला एक वार आणि वर थोडी. आणि पिकासोचं 1937चं 'गेर्निका'? माझ्या घरातली एकही भिंत पुरली नाही. लांबी साडेपंचवीस फूट, उंची जवळजवळ साडेअकरा. शेवटी सासूबाईंची नऊवारी आठवली. नऊ वार म्हणजे 27 फूट. तशा तीन साड्या पूर्ण उलगडून पन्ह्याला पन्हा लावून एकाखाली एक टांगल्या, तर साधारण गेर्निका होतं. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावाचं चित्र तेवढं मोठं का, हे मला व्हिडिओपेक्षा त्या हिशेबानं जास्त कळलं. तेव्हापासून मापाशिवाय मी चित्राबद्दल एक ओळ लिहीत नाही.

दुसरी फसवणूक रंगाची. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून मोबाइलवर पिवळसर उजेडाची सोय चालू असते. मीही तशीच फर्मीर बघत होते आणि एप्रन हिरवट आहे असं लिहून बसले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर लख्ख निळं. तो निळा लाजवर्द दगड कुटून केलेला, त्या काळी फार महाग. दोरा मॅच करायला आपण गिऱ्हाईकाला दाराशी, दिवसाच्या उजेडात नेतो ना? तसंच चित्र बघण्याआधी ती सोय बंद करा आणि पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. संस्थळागणिक एकाच चित्राचे रंग थोडे वेगळे दिसतात, तेव्हा ते ज्या संग्रहालयात आहे त्यांचाच फोटो खरा धरा.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर व्हिडिओचा वेग पाऊण पट करा आणि त्याच्या खालची अक्षरं (सबटायटल्स) चालू ठेवा. वहीच्या मागच्या पानावर शब्दांचा कोश करा. छायाप्रकाश, पोत, अवकाश, यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवणं), स्थिरचित्र (मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र), अमूर्त (ओळखीची वस्तू किंवा माणूस नसलेलं) हे शब्द आपल्याकडे आहेतच. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना त्यातले निम्मे पाठ असतील. टिपणं मराठीतच लिहा. माझं इंग्रजीत लिहिलेलं एकही टिपण मी परत वाचलं नाही.

अमूर्त चित्रं आली की पुष्कळजणी अभ्यासक्रम सोडतात, म्हणून तिथे जरा थांबते. "हे काय आहे" हा प्रश्न तिथे चालत नाही. "हे कसं केलंय" असा विचारा. वासुदेव गायतोंड्यांचं एखादं चित्र मोठं करून बघा. नागपुरात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा चित्रकार आपल्या कामाला अमूर्त म्हणवून घेत नसे. रंगावर रंग चढवायचा, रोलर फिरवायचा, थोडा खरवडून काढायचा, असं त्यांचं काम. कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा, एवढंच शोधत बसा. कापड रंगवलेल्या बाईला ते शोधणं कठीण नाही. अर्थ लागला नाही तर वहीत 'अर्थ लागला नाही' असं लिहा आणि महिन्यानं परत या. मी एका चित्राकडे चार वेळा परत गेले. अर्थ अजून सांगता येणार नाही, पण आता ते मला ओळखू येतं.

प्रश्नमंजूषा सोप्या असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. काही अभ्यासक्रमांत शेवटी एका चित्रावर लिहायचं असतं आणि सोबतचे विद्यार्थी ते तपासतात. त्यासाठी घरातलं चित्र निवडा. मी माहेरच्या देवघरातली कमळावरची लक्ष्मी घेतली. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत घाटकोपरला निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या अशा चित्रांनी आपली देवघरं भरली. भिंगातून बघितलं तर लक्ष्मीचा गाल रंगीत ठिपक्यांचा आहे, दगडावरून एकेक रंग वेगळा छापल्याच्या खुणा. ज्या चित्राला मी जन्मापासून हात जोडत आले, त्याच्याकडे मी पहिल्यांदा बघितलं ते पन्नाशीत.

अभ्यासक्रम संपायच्या आत एकदा तरी खऱ्या चित्रासमोर जा. सातारा-कराडकडच्यांनी औंधला जावं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पसुद्धा. निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि फोटो काढू देतात का ते आत शिरतानाच विचारा. सगळं बघायचा हट्ट धरू नका, दोन चित्रं ठरवून जा. तैलचित्र समोरून बघून झालं की जरा बाजूला सरका, म्हणजे उजेड तिरपा पडतो आणि ब्रशचे फटकारे वर येतात. मी तिथे एका साडीच्या काठासमोर अर्धा तास उभी होते. लांबून सगळी जर सोन्याची वाटत होती. जवळून पाहिलं तर बहुतेक तपकिरी रंग, आणि मधेमधे पिवळ्याचे मोजके चार-पाच ठिपके.