वाफेने भाजलं, आग थांबेना: शेवटी नळच कामी आला

मोदकपात्राचं झाकण उघडताना उजव्या मनगटावर वाफ आली. कातडी लालभडक, फोड नाही, पण हात कुठे ठेवू कळेना. आधी टूथपेस्ट थापली; वरून गार, आत धग तशीच. मग बर्फ. दोन मिनिटं बधिर, उचलल्यावर दुप्पट चरचर. बर्फाने भाजलेली कातडी आणखी दुखावते, हे नंतर कळलं. दहा मिनिटं फुकट गेली, स्वतःचाच राग आला.

मग आधी बांगड्या काढल्या. सूज आली की निघत नाहीत. पेस्ट धुऊन मनगट नळाच्या बारीक धारेखाली धरलं, घड्याळ लावून 20 मिनिटं. पाचव्या मिनिटाला बरं वाटून हात काढला, तर आग परत! पुन्हा धरला, पूर्ण 20. भाजल्यापासून 3 तासांच्या आत हे केलं तरी उपयोग होतो. टाकीचं पाणी उन्हाने तापलं असेल तर माठातलं ओतत राहा. नंतर हलकेच टिपून धुतलेला सुती रुमाल सैलसर ठेवला. हळद, तूप काही नाही.

फोड आले, तळहाताहून मोठं भाजलं, चेहरा किंवा सांधा असला, लहान मूल असलं, तर गार करून लगेच डॉक्टर. मनगट सांध्याचंच, म्हणून मीही दाखवून आले.