हवेचा पैलवान: रिकाम्या पाकिटांचं मांडणशिल्प

पैलवानाची ताकद कोल्हापुरात पोरासोरांनाही कळते. म्हणून वेफर्सच्या पाकिटांचं मांडणशिल्प करायचं तर पैलवानच करावा: दंड फुगलेले, छाती पुढं आणि पाय वजनकाट्यावर. दिसायला दांडगा, आत नुसती हवा: फुगवलेल्या वेष्टनावरची टीका ती हीच.

पाच फुटी आकृतीला छोटी १५० ते २०० पाकिटं पुरतात. फक्त वरची शिवण कापलेलीच घ्या, मधून फाडलेली कामाची नाहीत. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून आतून धुवा. तेल राहिलं तर मुंग्या लागतात, शिवाय तोंडाला सील धरत नाही. उलटी टांगून पूर्ण वाळवा.

हवा सायकलच्या पंपानं भरा. तोंडानं फुंकली की आत दमटपणा जातो. पाऊण भागच भरा, कारण उन्हात हवा प्रसरण पावते आणि शिवण सुटते. हँड सीलरनं, म्हणजे उष्णतेनं तोंड चिकटवणाऱ्या हातातल्या यंत्रानं, बंद करून पाकीट पाण्यात दाबा. बुडबुडे आले तर पुन्हा सील करा.

सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, सुतळीनं बांधलेला. पाकिटं खालून वर, कौलांसारखी एकावर एक चढवत, शिवणीच्या बाहेरच्या पट्टीतून दोऱ्यानं ओवा. फेव्हिकॉल या गुळगुळीत फिल्मवर टिकत नाही, ग्लू गन ती वितळवते.

खरी गंमत पाटीत आहे. प्रत्येक पाकिटावरचं निव्वळ वजन आणि किंमत वहीत मांडा, बेरीज करून 'पैलवानाचा खुराक' म्हणून लिहा. काट्याचा आकडा झाका आणि वजन ओळखणाऱ्याला बक्षीस म्हणून नारळ द्या. पाकिटातला नायट्रोजन माल चुरडू नये, खवट होऊ नये म्हणून असतो, हेही पाटीवर लिहा. नाहीतर टीका अर्धवट राहते. शेजारी एक पाकीट उभं चिरून ठेवा: आतला चंदेरी थर प्लॅस्टिकला इतका घट्ट चिकटलेला असतो की तो वेगळा करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ही पाकिटं घेत नाही. १ जुलै २०२२ च्या एकल-वापर प्लॅस्टिकबंदीतही ती आली नाहीत. विनोदाचा रोख वेष्टनावर ठेवा. खाणाऱ्या पोरावर किंवा टपरीवाल्यावर गेला तर लोक तोंड फिरवतात.

रंकाळ्याच्या काठावर मांडू नका, सुटलेलं पाकीट थेट पाण्यात जातं. तालीम मंडळाचा मांडव किंवा शाळेचा व्हरांडा बरा. आकृती मागच्या भिंतीला दोरीनं बांधा, काट्यावर वाळूचं वजन ठेवलं तर आकडा बिघडतो. उतरवताना दोरा कापून पाकिटं मोजून घ्या, हवा काढून सुक्या कचऱ्यात द्या. कामट्या पुढच्या वेळेला चालतात.